वर्तुळात सोफा बसत नाही

विलास शिगवण यांनी बारा वर्षांत दुबईत एकंदर अठ्ठेचाळीस हजार खुर्च्या मांडल्या. आकडा त्यांचा स्वतःचा आहे. तो खोटा ठरवायला कुणीतरी त्यांच्यासोबत मोजायला वाकलं असायला हवं होतं, आणि मंडळात तसं कुणी कधी वाकलंच नाही. गणेशोत्सव असो, कोजागिरी असो, नाहीतर मुंबईहून आलेल्या कुठल्याशा गायकाची मैफल असो, कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ ठरलेली: 'आसनव्यवस्था: श्री. शिगवण.' आसनव्यवस्था! उचलायच्या कामाला संस्कृत नाव दिलं की उचलणाऱ्याची कंबर दुखायची थांबते, असा आपल्या लोकांचा समज आहे.

विलासरावांना खरं तर गायचं होतं. एकदाच. एकच गाणं. दरवर्षी 'स्थानिक कलाकार' या यादीत ते नाव देत आणि दरवर्षी मंडळाचे अध्यक्ष सबनीससाहेब ते नाव वाचून हसत. सबनीससाहेब एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घरात बायकोशीसुद्धा माइक हातात असल्यासारखं बोलत. ते म्हणत, "शिगवण, तुम्ही गायला उभे राहिलात तर खुर्च्या कोण बघणार?" जसं काही पाठ वळवली की खुर्च्या बॉर्डर ओलांडून शारजाला पळून जाणार होत्या.

मग अठ्ठ्याण्णव साली पोस्टाच्या पेटीतून एक बातमीपत्र आलं.

दुबईत पोस्टमन दारात येत नाही. कंपनीची एक पेटी असते, तिची किल्ली एका माणसाकडे असते, आणि अल क्वोजमधल्या त्या पाइपांच्या गोदामात हा माणूस म्हणजे स्टोअरकीपर विलासराव. कंपनीचा जुना इंग्रज मॅनेजर कधीचा मायदेशी गेला होता, पण त्याच्या नावाने दर तीन महिन्यांनी एक झेरॉक्स काढलेलं चार पानी पत्रक यायचं. नाव 'बॅकरूम न्यूज'. मॅनेजरने पत्ता ठेवला नव्हता. मालकांचा हुकूम होता की असलं टपाल फेकून द्या. विलासरावांनी आयुष्यात छापलेला कागद फेकला नव्हता. मॅट्रिकनंतरचं त्यांचं सगळं इंग्रजी सामानावर गुंडाळून आलेल्या कागदांवर झालं होतं. त्यांनी पत्रक घरी नेलं.

उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गावी, एका पबच्या मागच्या खोलीत जमून जुनी गाणी म्हणणाऱ्या लोकांचं ते बातमीपत्र होतं. आणि बातम्या काय? 'पबच्या नव्या मालकाने मागच्या खोलीत टीव्ही लावला, म्हणून मंडळी समोरच्या चर्चच्या स्वयंपाकघरात बसू लागली.' 'डोरोथी यांची बाजाची पेटी बसमध्ये विसरली होती, ती मिळाली. सोबत कुणाचा तरी जेवणाचा डबाही मिळाला. ओळख पटवून न्यावा.' 'आपले आल्बर्ट गेले. त्यांचं हेरिंग माशांचं गाणं आता त्यांची नात म्हणेल. तिचा सूर अजून लागत नाही. घाई नाही.'

आणि एक बातमी, जी विलासरावांनी त्या रात्री बायकोला तीनदा वाचून दाखवली. 'हॅरी, सुतार, वय ऐंशी. कोळशाच्या खाणीचं गाणं म्हटलं. तिसरं कडवं विसरले. खोलीने मदत केली.'

"खोलीने मदत केली!" विलासराव म्हणाले. "मनोरमा, कळतंय का तुला? तो विसरला हे छापलंय, पण त्यात त्याची बेअब्रू नाही. आपल्याकडे कुणी विसरलं तर?"

"तर शेजारची छाया टाळ्या वाजवते," मनोरमाबाई म्हणाल्या. "उरकावं म्हणून."

या इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, पण त्यांच्या देशात साहेबांखेरीज सुतार, कोळी आणि खाणकामगारही राहतात आणि ते जमून गातात, ही बातमी आपल्या शाळेच्या पुस्तकात कुणी दिली नव्हती. आपण त्यांच्याकडून टाय घेतला, क्लब घेतला, मिनिट्स आणि अजेंडा घेतला. जे घ्यायचं ते तिकडेच राहिलं. शेवटच्या पानावर त्यांचे नियम होते. खुर्च्या गोल मांडाव्यात. माइक नको. प्रेक्षक नकोत, जो आला तो गाणारा. पाळी आली की गावं, नाहीतर गोष्ट सांगावी, नाहीतर पाळी पुढे द्यावी. धृपद सगळ्यांनी धरावं.

जगातल्या कुठल्याही संस्थेच्या घटनेत पहिल्या कलमातच खुर्च्या आहेत, हे विलासराव पहिल्यांदा पाहत होते.

त्यांनी संपादिकेला पत्र लिहिलं. तिकिटाला तीन दिरहम लागले, म्हणजे पस्तीस रुपये, हे मनोरमाबाईंनी आठवडाभर ऐकवलं. महिन्याने उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, चहाच्या डागासकट. 'तुम्ही आमचे वाचक आहात हे वाचून इथे सगळ्यांना फार आनंद झाला. कुणीतरी तुमच्या नावाने एक गाणंही म्हटलं. तिकडे हमरिया फ्री झोनमध्ये आमचा केन आहे, क्रेनचा फिटर. त्याला फोन करा. तो एकटा आहे आणि त्याच्याकडे कॉन्सर्टिना आहे. तुमच्याकडे मंडळी जमली तर बातमी नक्की पाठवा.'

फोनवर केन एवढंच म्हणाला, "मी येतो. खुर्च्या कोण आणणार?"

विलासरावांना त्या क्षणी तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला.

आता खोली पाहिजे. अल कुसैसमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गोल मांडायला चारच खुर्च्या मावत होत्या, त्याही फ्रिज बाहेर काढला तर. शेजारच्या छायाताई म्हणाल्या, "भाऊजी, हॉल घ्या. आणि निवेदिका लागेल. मी तयार आहे."

"निवेदन नाहीये, छायाताई."

"मग लोकांना कळणार कसं, गाणं सुरू झालं ते?"

खालच्या किराणा दुकानाच्या हनीफभाईंचा सल्ला वेगळा. "शिगवणभाई, प्रोग्राम के लिए परमिशन मंगता है. फारम भरो. मुनीर के पास जाओ."

मुनीर म्हणजे कोपऱ्यावरचा टायपिंगवाला. अरबीतले सगळे अर्ज तोच टाइप करायचा आणि प्रत्येक अर्ज आपल्याच मुलीच्या लग्नाचा असल्यासारखी काळजी करायचा. त्याने फॉर्म काढला. "प्रोग्राम कौन सा? शादी, मजहबी, तिजारती यानी धंदे का, नुमाइश?"

"गाना."

"गानेवाला कौन?"

"सब."

"सुननेवाला?"

"कोई नहीं."

मुनीरने चष्मा काढला. "हबीबी, इधर लिखा है, हाजरीन की तादाद, कितना सुननेवाला. मैं ज़ीरो लिखूं? ज़ीरो आदमी के वास्ते कौन परमिशन देगा? ज़ीरो आदमी तो वैसे भी बैठ सकता है."

शेवटी मुनीरनेच वाट सांगितली: ज्या मंडळाकडे रीतसर परवानगी आहे त्यांच्या नावाने करा. आणि असं मंडळ एकच होतं.

सबनीससाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. 'इंग्रज' हा शब्द ऐकल्यावर टीपॉयवरचे पाय खाली घेतले. "वा! इंडो-ब्रिटिश सांस्कृतिक आदानप्रदान! शिगवण, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. प्रमुख पाहुणे मिस्टर केन. अध्यक्षस्थानी मी."

"साहेब, त्यात अध्यक्षस्थान नसतं. गोल बसायचं असतं."

"बसा ना गोल. मी समोर बसेन."

"गोलाला समोर नसतं, साहेब."

सबनीससाहेबांनी त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. भूमितीत नापास झालेल्या माणसाकडे पाहावं तसं.

मंडळाचा नेहमीचा हॉल ठरलेल्या शुक्रवारी दुसऱ्या कुणाला दिलेला होता. मग गनीच्या रेस्टॉरंटचा वरचा मजला ठरला. गनी म्हणाला, जुम्म्याच्या नमाजानंतर अडीच ते पाच, आणि पाचला खलास, कारण मग दुसरी पार्टी. पण त्याच्या हॉलचं एकच पॅकेज होतं, वाढदिवसाचं. फुगे आणि केक त्यातच. "फुगे नकोत," विलासराव म्हणाले. "पॅकेज में से निकालने का सिस्टम नहीं है," गनी म्हणाला. फॉर्मवर 'किसका बर्थडे' असा रकाना होता. विलासरावांनी घाम पुसून केनचं नाव लिहिलं.

शुक्रवारी दुपारी ते दीडलाच पोचले आणि खुर्च्या मांडायला लागले. चाळीस खुर्च्या गोल मांडणं सोपं नाही. ओळी कुणीही लावतो. गोलात एक खुर्ची वाकडी गेली की शेवटी तीन उरतात. मधोमध एक केकचा डबा ठेवून त्याला सुतळी बांधून विलासरावांनी वर्तुळ आखलं. बारा वर्षांत पहिल्यांदा खुर्च्या मांडताना त्यांची कंबर दुखत नव्हती. कॉलेजात जाणारी त्यांची लेक तनया भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावर लटकलेल्या 'हॅप्पी बर्थडे'खाली.

"बाबा, तू सगळ्यांसमोर ते गाणं म्हणणार? द बाथरूम वन? दॅट्स सो एम्बरेसिंग."

"समोर नाही गं. गोल."

ते गाणं त्यांच्या आईचं, ठकुबाईंचं. संगमेश्वराजवळ दुसऱ्यांच्या शेतात भात लावताना बाया म्हणायच्या ते. विलासरावांच्या तोंडात ते आंघोळीच्या पाण्याबरोबर आपोआप यायचं.

मग सबनीससाहेब आले आणि त्यांच्यामागून चार वेटरांनी उचललेला सोफा. लाल मखमली, सोनेरी पायांचा, नवरानवरीचा.

"हा गोलात लावा," साहेब म्हणाले.

विलासरावांनी लावून पाहिला. तीन खुर्च्या काढून बसवला तर गोलाला नाक आलं. मागे सरकवला तर गोल फाटला. मधे ठेवला तर देव्हारा झाला. सोफा कुठेही ठेवा, चाळीस खुर्च्या आपोआप त्याच्याकडे वळतात. हे विलासरावांनी त्या दिवशी शोधून काढलं, आणि मोठमोठ्या राज्यशास्त्रवाल्यांना ते अजून साधलेलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गणू आला, मागे त्याचे नऊ सोबती, सगळे अल क्वोजच्या कामगार कॅम्पातले. गणू सुतार, रत्नागिरीकडचा, विलासरावांच्या गोदामात माल न्यायला यायचा आणि ट्रक भरेपर्यंत जाखडी नाचाची गाणी म्हणायचा. विलासरावांनीच त्यांना बोलावलं होतं. सगळ्यांनी धुतलेले शर्ट घातले होते आणि चपला बाहेर काढल्या होत्या.

सबनीससाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "यांना कुणी आमंत्रण दिलं? ठीक आहे, शेवटच्या रांगेत बसवा."

आता हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. ज्यांनी या शहराच्या भिंती उभ्या केल्या त्यांना आपण त्याच भिंतींना टेकून उभं करतो आणि वर विचारतो, बोलावलं कुणी! विलासराव भांडखोर नव्हते. ते फक्त म्हणाले, "साहेब, गोलाला शेवटची रांग नसते." आणि गणूचा हात धरून त्याला सोफ्याच्या लगतच्या खुर्चीवर बसवलं. बारा वर्षांच्या आसनव्यवस्थेचं सार्थक त्या एका खुर्चीत झालं.

केन आला. पन्नाशीचा, उन्हाने टोमॅटो झालेला, हाफ शर्ट, हातात लाकडी खोका. फुगे पाहून तो म्हणाला, "अरे, कुणाचा वाढदिवस?" विलासरावांनी त्याला कानात सांगितलं, "तुमचा." केन क्षणभर विचार करून म्हणाला, "थँक यू." असल्या माणसासाठी जीव द्यावा.

त्याला सोफ्यावर बसवायला छायाताई धावल्या. त्याने सोफ्याकडे पाहिलं, तो कुणा म्हाताऱ्यासाठी असेल असं समजून सबनीससाहेबांना आदराने हात धरून त्यावर बसवलं, आणि स्वतः गणूच्या शेजारच्या साध्या खुर्चीवर बसला.

मग दीपप्रज्वलन. पाचवी वात लागली आणि छतावरची धुराची घंटा सुरू झाली. गनी फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावत आला. घंटा बंद व्हायला वीस मिनिटं गेली आणि समईवर पांढरी पावडर पडली ती पडलीच. मग प्रास्ताविक. मग परिचय. मग सबनीससाहेबांचं भाषण, ज्यात ते मॅग्ना कार्टापासून निघाले आणि पावणेचारला कसेबसे ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत पोचले. गणूचे सोबती घड्याळाकडे बघत होते. त्यांची बस पाचला होती. विलासराव दाराजवळच्या खुर्चीवर बसून शर्टाच्या खिशातल्या, गाणं लिहिलेल्या कागदाची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. पाचला खलास. सव्वाचारला अजून सत्कार चालू होता. पुन्हा तेच होणार. खुर्च्या मांडल्या, गाणं राहिलं.

सबनीससाहेबांनी केनच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. साहेब सोफ्यावर जाऊन टेकले. छायाताई आभार मानायला उठल्या.

केनने नारळ उलटसुलट पाहिला. सगळे आपल्याकडे बघताहेत. हातात एक वस्तू दिली आहे. त्याला जो अर्थ लागला तो त्याच्या गावच्या चालीने लागला: पाळी माझी. त्याने शाल नीट केली, नारळ मांडीवर ठेवला, खोक्यातून कॉन्सर्टिना, म्हणजे सहा कोनांची चिमुकली बाजाची पेटी, काढली आणि गायला सुरुवात केली. जहाज बांधणाऱ्यांचं गाणं होतं. आवाज फुटका होता, पण त्यात कसलीही लाज नव्हती. दुसऱ्या कडव्यानंतर त्याने हातानेच सगळ्यांना धृपद धरायला सांगितलं आणि गणूच्या दहा जणांनी, एक शब्द न कळता, ते असं उचललं की फुगे हलले. छायाताई आभाराचा कागद हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि तिसऱ्या धृपदाला तोंड हलवायला लागल्या.

गाणं संपवून केनने नारळ गणूच्या हातात दिला.

गणू दचकला. "ह्ये काय वो दादा? माजा कसला सत्कार?"

"सत्कार नाही रे," विलासराव दारातून ओरडले. "ज्याच्या हातात नारळ, त्याने गायचं!"

हा नियम त्या क्षणी जन्माला आला. गणूने नारळ कपाळाला लावला आणि जाखडी धरली. सोबत्यांनी खुर्च्यांच्या दांड्यांवर ताल धरला. नारळ पुढे गेला. एकाने गावच्या देवीचं गाणं म्हटलं. एकाला गाता येईना. त्याने विमानात पहिल्यांदा बसल्याची गोष्ट सांगितली आणि केन न कळताच सर्वांत जास्त हसला. मनोरमाबाईंनी उखाणा घेतला, बावीस वर्षांनी. तनयाने "नो वे" म्हणून नारळ पुढे ढकलला. गणूच्या लगतच्या सोफ्यापाशी नारळ सुरुवातीलाच अडला होता, कारण सबनीससाहेब झोपले होते. मान मखमलीवर, तोंड उघडं. गणूने तो हळूच त्यांच्यावरून पलीकडे दिला होता.

पाचला सात मिनिटं असताना नारळ दाराशी आला.

विलासराव उभे राहिले. आवाज निघाला तो गोदामात शिडीवरून मापं ओरडतानाचा.

"लाव गं सखू, लाव गं रोप,
मुकादमाला आली झोप!"

पहिल्यांदा गणू हसला. मग दहाही जण हसले. मुकादम सगळ्यांना माहीत होता. तो चिखलातही असतो आणि साइटवरही. सगळ्यांनी धृपद धरलं. आणि विलासरावांच्या डोक्यातून दुसरं कडवं गेलं. कागद उघडला, घड्या घालून घालून ती ओळ घडीतच पुसली होती. एसीचा आवाज ऐकू यायला लागला. छायाताईंनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"सोड गं भाकर, बांधावर टेक," तनया म्हणाली. मराठीत, स्वच्छ, सुरात. बारा वर्षं बाथरूमच्या दारापलीकडून ऐकलेलं.

"मुकादमाला आली झोप!" चाळीस जण ओरडले. केनची पेटी त्यात शिरली. आणि सगळ्यांची नजर, कुणी ठरवलं नसताना, सोफ्याकडे गेली. पुढच्या दोन कडव्यांचं धृपद लोकांनी हसून हसून रडत म्हटलं. शेवटच्या झोपेला सबनीससाहेब जागे झाले, चाळीस चेहरे आपल्याकडे बघून गाताहेत हे पाहून गहिवरले, आणि तालावर टाळ्या वाजवू लागले.

गनी केक घेऊन आत आला. "पाच बज गया, खलास!" केकवर केनचं नाव होतं. केनने फुंकर मारली, कारण आता तेवढंच राहिलं होतं.

तीन महिन्यांनी 'बॅकरूम न्यूज' आलं. या वेळी पेटीतल्या पाकिटावर विलासरावांचं नाव होतं. त्यांनी ते पोस्टाच्या दारातच उभ्या उभ्या वाचलं.

'दुबई. आपल्या केनकडून. पहिली बैठक, चाळीस जण. केन: जहाजाचं गाणं. गणू, सुतार: नाचाचं गाणं, तोड नाही. मनोरमा: यमक जुळवून नवऱ्याचं नाव. विलास: भात लावणाऱ्या बायांचं गाणं, झोपलेल्या मुकादमाविषयी. दुसरं कडवं विसरले. मुलीने मदत केली. एका गृहस्थांनी सोफ्यावर बसून गाण्याचा अर्थ उत्तम अभिनयाने स्पष्ट केला. वर्तुळ आजवर पाहिलेल्यांत सर्वांत गोल होतं. तिथे पाळीसाठी नारळ फिरवण्याची प्राचीन प्रथा आहे. आम्हीही एक विकत घेतला आहे. डोरोथी यांच्या हातून तो पहिल्याच दिवशी पडला. खोलीने मदत केली.'

त्या संध्याकाळी दारावरची बेल वाजली. सबनीससाहेब एकटेच होते. हातात पत्रकाची झेरॉक्स होती. कुणी पोचवली ते छायाताईंनाच ठाऊक.

"शिगवण, हे सोफ्यावरचे गृहस्थ म्हणजे मीच ना?"

"हो साहेब."

"अभिनय उत्तम, असं आहे. पण नाव नाही. सुताराचं आहे, तुमच्या मिसेसचं आहे. तुम्ही जरा त्यांना कळवा, अध्यक्षांचं नाव."

"ते फक्त गाणाऱ्यांचीच नावं छापतात, साहेब."

सबनीससाहेबांनी झेरॉक्सची घडी घातली. मग माइकशिवाय, इतक्या लहान आवाजात म्हणाले की विलासरावांना तो कुणा दुसऱ्याचाच वाटला, "लहानपणी मला एक येत होतं. दोनच कडवी. चालतील?"

"चालतील की. पुढच्या शुक्रवारी दुसरी बैठक आहे, या," विलासराव म्हणाले. "अडीचला गाणी." मग दार लावता लावता त्यांनी पुन्हा थोडं उघडलं. "दीडला खुर्च्या."